सातवीचं माहितीपुस्तक

शिडीला उंचीची भीती कधी वाटली नाही. अकरा मजली इमारतीच्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये, वीतभर रुंदीच्या लोखंडी पट्टीवर उभा राहून, दातांत बॅटरी धरून तो तासन्‌तास काम करायचा आणि खाली उतरल्यावर शांतपणे चहा मागायचा. उंची सहा फूट दोन इंच, अंगावर मांस नावालाच. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीतल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याला शिडी म्हणायला सुरुवात केली आणि गेल्या वीस वर्षांत त्याचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं. त्याला भीती वाटायची ती दोनच गोष्टींची. एक म्हणजे छापील कागद आणि दुसरी म्हणजे शाळा.

शाळा त्यानं आठवीत सोडली होती. गणिताच्या मास्तरांनी फळ्यापाशी उभं केलं, अपूर्णांकाचा भागाकार काही केल्या सुटेना, वर्ग हसायला लागला. मधल्या सुट्टीत तो फाटकाबाहेर पडला तो पुन्हा आत गेलाच नाही. वाचता यायचं त्याला, पण ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. कोणी बघतंय असं वाटलं की तेवढंही जमायचं नाही. मग तो कागद थोडा लांब धरायचा, भुवया आवळायचा, मान डोलवायचा आणि घडी करून खिशात टाकायचा. बायकोला वाटायचं, वाचून झालं.

बायको हॉस्पिटलात होती, शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागात. तिथं एक चिमटा मोजायचा राहिला तरी अख्खा ट्रे परत येतो. त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची सवय तिच्या हाडीमासी खिळलेली. ती चर्चमध्ये वाढलेली, तो नाही. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता दर रविवारी तो मायलेकींना चर्चच्या पायऱ्यांपर्यंत सोडायचा, बाहेरच्या कट्ट्यावर बसायचा आणि आतली मिस्साची प्रार्थना संपली की तिघं मिळून बाजार करत घरी यायचे. त्यावरून घरात कधी वाद झाला नाही. त्यावर कधी बोलणंही झालं नाही.

एकुलती एक मुलगी. तिला घरात बिट्टी म्हणायचे. सहावीपर्यंत ती घराजवळच्या शाळेत होती. एकच वर्ग, एकच बाई, त्या बाईंना घर ठाऊक, घराला बाई ठाऊक. सातवीला मात्र आईनं तिला चर्चच्या शाळेत घातलं. तिथं सातवी आणि आठवीची इमारतच वेगळी. प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, दर घंटेला वेगळी खोली, भिंतीला ओळीनं लोखंडी कपाटं. गणिताला तर प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून वरचा आणि दुसरा असे दोन गट. आणि प्रवेशाच्या वेळी हातात पडलं ते बत्तीस पानांचं पुस्तक. वर ठळक अक्षरांत छापलेलं, ‘आमच्या अभ्यासक्रमाबद्दल पालकांना काय माहीत असावं’.

बायकोची तेव्हा विभागात बदली चालू होती, पाळ्या उलटसुलट लागत होत्या. ती म्हणाली, “अहो, यावेळी तुम्ही नीट वाचा. शेवटी फॉर्म आहेत, ते भरून द्यायचेत.”

“वाचतो,” शिडी म्हणाला.

त्यानं मुखपृष्ठ वाचलं, पहिलं पान कसंबसं वाचलं. ‘धर्मशिक्षण हा आमच्या अभ्यासक्रमाचा केवळ एक विषय नसून’ इथपर्यंत पोचला आणि ते वाक्य पुढच्या पानावर गेलेलं पाहून त्याचा धीर सुटला. फॉर्म बिट्टीनंच भरले. ती एकेक पुढं सरकवत गेली, हा सहलीचा, हा आजारपणाचा, हा समाजसेवेच्या तासांचा, आणि तो सह्या करत गेला. सात सह्या. तीनेक आठवड्यांनी तिनं आणखी एक आणला. तो बूट काढत होता.

“हा राहिला होता,” ती म्हणाली.

त्यानं गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. तिनं पेन त्याच्या हातातून जरा घाईनंच काढून घेतलं, हे त्याला नंतर आठवलं.

दुसरा महिना संपता संपता शाळेतून चिठ्ठी आली. शनिवारी सकाळी पालकांनी यायचं. नुसत्या सभेला नाही, तर आपापल्या मुलाच्या वेळापत्रकाप्रमाणे, घंटा झाली की पुढच्या खोलीत, प्रत्येक तास बारा मिनिटांचा. मुलांना त्या दिवशी सुट्टी. काय शिकवतात, कसं शिकवतात, ते पालकांनी मुलांच्या बाकावर बसून बघावं, अशी त्या शाळेची जुनी पद्धत होती.

बायकोला नेमकी शनिवारची पाळी. तिनं औषधाच्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दिले. पहिला, गणितात ती वरच्या गटात आहे, शिकवणी लागेल का? दुसरा, सेवेचे वीस तास कुठं करायचे आणि कोण मोजणार? तिसरा, वयात येण्याबद्दलचे धडे कोण घेणार आणि त्याआधी आपल्याला सांगणार का?

“तिसरा मी विचारू?” शिडीनं अवघडून विचारलं.

“मग कोण विचारणार, लिफ्ट?”

शुक्रवारी संध्याकाळी बायको भाजी आणायला गेली तशी बिट्टी त्याच्याजवळ येऊन बसली. बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत राहिली.

“बाबा, उद्या तुम्ही काही विचारू नका हं.”

“का गं?”

“असंच. सगळे बघतात. नुसतं बसा आणि या.”

शिडीला वाटलं, पोरीला आपली लाज वाटते. सहा फुटी बाप, बोटांच्या पेरांत मुरलेलं काळं ग्रीस, आणि तोंड उघडलं की अडखळणं. तो म्हणाला, “नाही विचारत.” आणि रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. एकीला विचारतो म्हणून शब्द दिलेला, दुसरीला विचारत नाही म्हणून.

सकाळी त्यानं हात तीनदा धुतले. शाळेच्या दाराशी एक बाई यादीत बघून वेळापत्रकं देत होत्या, पण त्यांच्याकडचा गठ्ठा संपला होता. शिडी म्हणाला, “माझ्याकडे आहे,” आणि खिशातलं, शाळा सुरू झाली तेव्हा घरी आलेलं वेळापत्रक दाखवून आत शिरला.

लाद्या नुकत्या पुसलेल्या, त्यावर शंभर-सव्वाशे बुटांचा आवाज, भिंतीवर क्रूस आणि त्याच्याशेजारी आवर्तसारणीचा तक्ता. वास तोच होता, खडूचा आणि ओल्या फडक्याचा. नादुरुस्त लिफ्टच्या टपावरही कधी कशाला न धरणारा शिडी भिंतीला हात लावून चालायला लागला.

पहिला तास भाषेचा, दुसरा इतिहासाचा. दोन्हींत तो मागच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला, बाक त्याच्या मापाचा नव्हता. कोणी काही विचारलं नाही. त्याला जरा बरं वाटायला लागलं होतं. तिसरा तास गणिताचा, खोली चौदा. गणिताच्या बाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, आवाज खणखणीत. त्यांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि पालकांची हजेरी घ्यायला लागल्या. नावं संपली. शिडीचं नाव आलंच नाही.

“कोणाचं राहिलं?”

त्यानं हात वर केला. वर्गात हात वर करायची वेळ त्याच्यावर तीस वर्षांनी आली होती.

बाईंनी मुलीचं नाव विचारलं, यादीवरून पेन फिरवलं, मग दुसरी यादी काढली. “ती या गटात नाही आता. दुसऱ्या गटात आहे, महिना झाला. तुमचा माझ्याकडचा तास सहावा.” आणि मग, तो उठत नाही असं बघून, जरा हळू आवाजात म्हणाल्या, “तुमच्या सहीनंच बदल झालाय.”

वीस-बावीस डोकी मागं वळली. शिडी उठला, बाक त्याच्या गुडघ्यांबरोबर वर उचलला गेला आणि धाडकन खाली आपटला. “हो, हो,” तो म्हणाला, “विसरलो,” आणि बाहेर पडला.

आता ते जुनं वेळापत्रक कशाच्याच उपयोगाचं नव्हतं. तो जिन्यापाशी उभा राहिला. कुठली सही? कधीची? बायकोला तर ठामपणे वाटत होतं की मुलगी वरच्या गटात आहे. तिच्या तीन प्रश्नांतला पहिला प्रश्नच त्यावर उभा होता. मुलीनं औषधनिर्माणशास्त्र शिकावं अशी तिची फार इच्छा होती आणि त्यासाठी वरचं गणित लागतं, हे ती येता जाता सांगायची. ‘सगळं ठीक आहे ना’ असं ती संध्याकाळी विचारेल, तेव्हा काय सांगायचं?

शिपायानं त्याला ऑफिसातून नवं वेळापत्रक आणून दिलं. चौथा तास धर्मशिक्षणाचा होता.

धर्मशिक्षणाच्या सिस्टर वयस्कर होत्या, बसून बोलत होत्या. सातवीत बायबलच्या कथा आणि येशूचं जीवन, आठवीत चर्चचा इतिहास, बरं-वाईट कसं ठरवायचं, आणि ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी दृढीकरण या संस्काराची तयारी, असं त्यांनी सांगितलं. रोज एक तास, गुण इतर विषयांइतकेच, परीक्षाही तशीच. नुसतं पाठांतर चालत नाही. विज्ञानाच्या तासाला जीवसृष्टीची उत्क्रांती शिकवतात, ती आणि धर्म यांचं भांडण इथं कोणी लावत नाही. सेवेचे तास वृद्धाश्रमात, वाचनालयात किंवा शेजारच्या आजारी माणसाकडे केले तरी चालतात, आणि ते जिथं केले तिथल्या माणसाची सही लागते. आईवडिलांची सही त्यावर चालत नाही.

“आणि ते धडे,” एका बाईंनी विचारलं, “वयात येण्याचे?”

“दुसऱ्या सत्रात. मुलींचे विज्ञानाच्या बाई आणि मी मिळून घेतो, मुलग्यांचे एक सर वेगळे घेतात. आधी पालकांना बोलावून सगळं दाखवतो. ज्यांना नको असेल त्यांनी लेखी कळवायचं.”

शिडीनं मनोमन त्या बाईंचे आभार मानले. दोन प्रश्न परस्पर सुटले होते. पण त्याच्या घशाशी एक चौथाच प्रश्न आला होता, कागदावर नसलेला. घंटा झाली, खोली रिकामी झाली, तो तसाच उभा राहिला.

“सिस्टर, मी चर्चचा नाही. बायको आहे. माझ्यासारख्या माणसाबद्दल तुम्ही वर्गात काय शिकवता?”

सिस्टरनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. बरीच वर करावी लागली. “तुमच्याबद्दल मी कसं शिकवणार? तुम्ही मला माहीत नाही. मी मुलांना सांगते, घरी जा, विचारा, तुम्ही कशावर विश्वास ठेवता, का ठेवता. तुमच्या मुलीनं विचारलं नाही?”

“नाही.”

“मागच्या महिन्यातला गृहपाठ होता तो. तिनं लिहून आणलंय, बाबांना वेळ नव्हता.”

शिडीनं मनाशी हिशोब केला. मागचा अख्खा महिना तो सहाच्या ठोक्याला घरी येत होता.

पाचव्या तासात विज्ञानाच्या बाई काय बोलल्या ते त्याला विचारलं असतं तर एक शब्द सांगता आला नसता. सहाव्या तासाला तो पुन्हा खोली चौदामध्ये बसला. या वेळी यादीत नाव होतं. बारा मिनिटं झाली, लोक गेले, आणि गणिताच्या बाईंनी न मागता एक फाईल उघडून त्याच्यासमोर ठेवली.

गटबदलाचा विनंती अर्ज. खाली त्याची सही, गुडघ्यावर कागद ठेवून केलेली, म्हणून जरा वाकडी. वर बिट्टीचं गोल अक्षर. त्यानं बोट ठेवलं. बाई बघत होत्या तरी ठेवलं, कारण दुसरा इलाज नव्हता. ‘बदलाचं कारण’ असं छापलेलं होतं आणि पुढं तिनं लिहिलं होतं, ‘आमच्या घरात गणित कोणालाच येत नाही. बाबा म्हणतात, आपल्या रक्तातच नाही.’

“प्रवेश परीक्षेत तिला चांगले गुण होते,” बाई म्हणाल्या. “पण वर्गात फळ्याकडे बोलावलं की पांढरीफटक पडायची. दोन चाचण्यांच्या सकाळी उलटी झाली तिला. मग हा अर्ज आला. मला वाटलं, तुम्ही घरी बोलून ठरवलंय.”

“हो,” शिडी म्हणाला. मग म्हणाला, “नाही.”

आणि फाईल मिटवून त्यानं ती बाईंकडे सरकवली.

बायको संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाली, “काय म्हणाल्या गणिताच्या बाई? शिकवणी हवी का?” बिट्टी ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातातली बशी जागच्या जागी थांबली.

“नको म्हणाल्या,” शिडी म्हणाला. “सगळं ठीक आहे.”

त्यानंतरचे चार दिवस त्याचे फार वाईट गेले. खोटं तो बोलला होता, पण ते दोघांचं झालं होतं. बिट्टी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवेना आणि दर वेळी आई खोलीत आली की दोघं एकदम गप्प व्हायचे. जेवण जाईना. कामावर तर त्याचं डोकंच चालेना. बुधवारी एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टची तिमाही तपासणी होती. दोर बघून झाले, ब्रेक बघून झाला, दारांची कुलपं बघून झाली. आता तपासणीच्या कार्डावर सही करायची, ते दाराशी लावायचं, की लोक आत पाऊल टाकायला मोकळे. शिडीनं पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं.

“पुन्हा बघू,” तो म्हणाला.

“अरे, आत्ता तर बघितलं,” त्याचा जोडीदार म्हणाला. पंधरा वर्षांपासूनचा सोबती, त्याला जेवायच्या सुट्टीची घाई.

“पुन्हा बघू.”

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर जोडीदारानं हत्यारांची पिशवी खाली आपटली. “झालंय काय तुला? वीस वर्षांत न बघता तू एका कार्डावर सही केली नाहीस, सगळ्यांना ठाऊक आहे. आता काय लोखंडाला तोंड फुटायची वाट बघतोस?”

न बघता एका कार्डावर सही केली नाहीस. शिडी शाफ्टच्या काठावर बसला आणि त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. आठ अनोळखी माणसं लिफ्टमध्ये चढणार म्हणून तो तीनदा बघत होता. पोटच्या पोरीच्या कागदावर मात्र त्यानं बूट काढता काढता सही केली होती.

त्या दिवशी तो कंपनीच्या गाडीनं घरी न जाता शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. बिट्टी मैत्रिणींबरोबर बाहेर आली, त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. दोघं घराच्या रस्त्याला लागले.

“तुम्हाला कळलंय,” तीच आधी म्हणाली.

“कळलंय.”

“आईला सांगणार?”

“आधी तुला सांगतो. तो अर्ज मी वाचला नव्हता. तुझ्या शाळेचं पुस्तकही वाचलेलं नाही. मला वाचायला फार वेळ लागतो, म्हणून मी वाचल्यासारखं करतो.”

ती चालता चालता थांबली. “मला माहितीय बाबा. म्हणूनच तर तुमच्याकडे आणला.”

हे त्याला फार लागलं. पण त्यात तिचा काही दोष नव्हता, तेव्हा त्यानं ते गिळून टाकलं. मग म्हणाला, “आणि रक्तातच नाही, हे मी गंमतीनं म्हणायचो गं.”

“दर वेळी म्हणायचात,” बिट्टी म्हणाली. “दुकानात हिशोब चुकला तरी. माझे गुण आले तरी. मग मला वाटलं, मला येतंय ते चुकून येतंय, एक दिवस बंद होणार. फळ्यापाशी गेलं की वाटायचं, आजच बंद होणार.”

शिडीनं आपल्या मास्तरांची आणि फाटकाची गोष्ट तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. अपूर्णांकासकट. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला जे वजन लावतात ते किती लावायचं हे कसं ठरवतात? त्यानं सांगितलं, ते सोपं आहे, डब्याचं वजन सहाशे किलो धर, भार चारशेचा, त्याचा निम्मा घ्यायचा, झाले आठशे, चाळीस किलोचा एक ठोकळा, म्हणजे वीस ठोकळे. ती म्हणाली, “हे तुम्ही डोक्यात केलंत.” तो म्हणाला, “हे काय गणित आहे होय?” तिनं त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं ते वीस ठोकळे मनात पुन्हा मोजले.

घरी दोघांनी मिळून सांगितलं. बायको नुकतीच आली होती, अजून पर्स खांद्यालाच. तिनं सगळं ऐकून घेतलं. बिट्टीला म्हणाली, “तू आत जा, तुझ्याशी नंतर.” मग खुर्चीत बसली.

“सही तुमची आहे,” ती म्हणाली.

“माझी आहे.”

“वाचता येत नाही याचा मला राग नाही. चौदा वर्षं माझ्यासमोर वाचल्यासारखं करत राहिलात. मी कुठली कुठली पत्रं तुमच्या भरवशावर सोडली असतील?” आणि मग, खालच्या आवाजात, “आणि शनिवारी माझ्या तोंडावर ठीक आहे म्हणालात.”

ती तीन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. रविवारी चर्चमधून आल्यावर मात्र तिनं ते बत्तीस पानांचं पुस्तक टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाली, “वाचा. मोठ्यानं. आम्ही ऐकतो.”

चार रविवार लागले. तो अडखळायचा, ती दुरुस्त करायची नाही, थांबायची. बिट्टी पहिल्या रविवारी लाजेनं खाली मान घालून बसली होती, दुसऱ्या रविवारी पेन्सिलीनं खुणा करायला लागली. मूल आजारी पडलं तर गृहपाठ कोणाकडे मागायचा, वर्तनाचे गुण कशावर देतात, परदेशी भाषा कधी बदलता येते, चर्चची नसलेली मुलं मिस्साच्या वेळी काय करतात, सगळं त्यात होतं. आणि अठ्ठाविसाव्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत, दोन ओळी होत्या. गणिताचा गट एकदा ठरला म्हणून कायमचा नसतो. सत्राच्या शेवटी आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा परीक्षा देता येते, पण अर्ज विद्यार्थ्यानं स्वतः करायचा.

“मी सांगणार नाही,” बायको बिट्टीला म्हणाली. तिला हे सांगताना किती जड गेलं ते शिडीला दिसत होतं. “तुझं तू ठरव.”

आठ दिवस घरात कोणी तो विषय काढला नाही. आठ दिवस बायको रिकामी भांडी पुन्हा पुन्हा पुसत होती. नवव्या दिवशी बिट्टीनं अर्ज लिहून शिडीसमोर ठेवला. त्यानं तो पूर्ण वाचला, दोनदा, मग सही केली. परीक्षेच्या दिवशी तो नवव्या मजल्यावर मोटरच्या खोलीत होता. दहा वाजता ती सुरू झाली असणार म्हणून त्यानं घड्याळ बघितलं, मग दहा वाजून चार मिनिटांनी, मग सात मिनिटांनी. जोडीदारानं शेवटी त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून आपल्या खिशात टाकलं.

सहा गुणांनी राहिलं.

बिट्टी रडली नाही, पण दोन दिवस बोलली नाही, आणि शिडीला वाटलं, आपण पोरीला पुन्हा त्याच फळ्यापाशी नेऊन उभं केलं. त्यानं बायकोला तसं म्हटलंही. ती म्हणाली, “उलटी झाली का?” नव्हती झाली. “मग बघू,” ती म्हणाली. तिचा आवाजही काही फार खात्रीचा नव्हता. गणिताच्या बाईंनी बिट्टीला आठवड्यातून दोन सकाळी पहिल्या घंटेआधी बोलवायला सुरुवात केली. वर्षाच्या शेवटी ती पुन्हा बसली आणि लागतात त्यापेक्षा दोन गुण जास्त पडले. तेवढेच. आठवीत ती वरच्या गटात गेली, तिथं मागून तिसरी. नखं कुरतडायची, चिडायची, मधेच वही आपटायची, पण फळ्यापाशी जायची.

मधल्या काळात तिनं तो राहिलेला गृहपाठही केला. एका रविवारी, मिस्सा संपल्यावर, कट्ट्यावर येऊन शेजारी बसली, वही उघडली आणि विचारलं, “बाबा, तुम्ही कशावर विश्वास ठेवता?” शिडी अर्धा तास बोलत होता. बायको भाजीच्या पिशव्या घेऊन दहा पावलांवर उभी राहिली, पुढं आली नाही.

आठवीचं वर्ष सुरू झालं तेव्हा शाळेचे मुख्याध्यापक फादर यांनी नव्या पालकांच्या सभेसाठी एका जुन्या पालकाला दहा मिनिटं बोलायला बोलावलं. नाव गणिताच्या बाईंनी सुचवलं होतं. शिडीनं तीनदा नाही म्हटलं. बायको म्हणाली, “जा. नाहीतर त्या लोकांना बत्तीस पानं कोण वाचायला लावणार?” आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. सभेच्या दिवशी बोलायला उभा राहिला आणि पहिलं वाक्य तोंडातल्या तोंडातच राहिलं. मग तो म्हणाला, “मी लिफ्ट दुरुस्त करतो. मी हे पुस्तक न वाचता आठ सह्या केल्या होत्या.” समोर काहींनी मांडीवरचं पुस्तक गुपचूप उघडलं. त्याच्या लक्षात आलं की समोरच्या कितीतरी लोकांनी तेच केलेलं आहे.

त्यानं सगळं सांगितलं. शेवटी एका पालकांनी विचारलं, “आता वरच्या गटात आहे म्हणता, मग काळजी मिटली असेल तुमची.”

“छे हो,” शिडी म्हणाला, “कालच चाचणी झाली. निकाल सोमवारी आहे.” लोक हसले. तो हसत नव्हता.

बाहेर बिट्टी दोन पिशव्या घेऊन उभी होती. तिनं दारातून सगळं ऐकलं होतं. रस्त्याला लागल्यावर म्हणाली, “बाबा, चांगलं बोललात. फक्त तुम्ही सव्विसावं पान म्हणालात. अठ्ठाविसावं आहे ते.”

“सव्वीस म्हणालो मी?”

“दोनदा.”

शिडी तिथंच थांबला. “जाऊ दे ना बाबा, शोधतील ते,” ती म्हणत होती, पण तो मागं वळला होता. सभागृह जवळजवळ रिकामं झालं होतं, शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. दाराशी चार-पाच पालक बोलत उभे होते. शिडी त्यांच्यामधून वाट काढत व्यासपीठामागच्या फळ्यापाशी गेला, खडू उचलला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पान २८, तळाशी’. मग शिपायाला म्हणाला, “हे आजचा दिवस पुसू नका,” आणि बाहेर पोरगी वाट बघत होती, तिकडे गेला.